प्रोसेसर येईपर्यंत

मी अजून लॅपटॉप घेतलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. यातून खरेदीचा काही सल्ला मिळेल अशा आशेने कोणी वाचत असेल तर त्याची इथेच सुटका व्हावी. बाकी संगीतासाठी कुठला प्रोसेसर घ्यावा, या विषयावर मी कोणाशीही, त्याची इच्छा असो वा नसो, तासभर बोलू शकतो. आमच्या ओळखीतली काही माणसं मला लांबून बघून रस्ता बदलतात, ती याच कारणाने.

मी एका सरकारी कंपनीत हिशेब खात्यात आहे. ऑफिस न्यू टाउनला, घर बागबाजारात. अठराव्या शतकात बंगालवर चालून आलेल्या मराठ्यांना शहराबाहेर ठेवायला खणलेला खंदक म्हणे आमच्या भागातूनच सुरू व्हायचा. शेजारी ही माहिती मला प्रत्येक पाहुण्यासमोर नव्याने देतात. मी आत शिरलो तो बदलीचा आदेश, बायको, बालवाडीतली मुलगी आणि पुस्तकांची खोकी घेऊन. कोणी अडवलं नाही. पुढच्या बदल्या मी या ना त्या निमित्ताने टाळल्या आणि मुलगी इथेच मोठी झाली.

तिचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं आहे, कुंडीतल्या झाडासारखं. ती आम्हा दोघांनाही ‘तुम्ही’ म्हणते. पुण्याची पाहुणेमंडळी त्यावर खूश होतात, हल्लीच्या मुलांत असे संस्कार उरले नाहीत म्हणतात. ते संस्कार नव्हेत. बंगालीतला घरच्यांना म्हणायचा ‘तुमी’ आहे तो, फक्त त्याला एक ह चिकटलाय. पण आयतं मिळालेलं कौतुक कोण परत करतो?

तर गेल्या उन्हाळ्यात या मुलीने मराठीत एक गाणं लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. तिला हैदराबादला नोकरी लागली होती, दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली की तुम्ही याला चाल लावा, मी गाते, आणि जाण्याआधी आपण दोघं मिळून रेकॉर्ड करू. ती लहान असताना दात घासण्यापासून शेपूची भाजी खाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर मी पेटीवर गाणी करायचो, तेवढ्या भांडवलावर तिने मला संगीतकार मानलं होतं. मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी चाल लावून मोकळा झालो. तिला आवडली. आपण तेव्हाच फोन समोर ठेवून गाणं उतरवून घेतलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी म्हणालो, “नीट करू.”

या ‘नीट’ने आमच्या घराण्यात बऱ्याच गोष्टी बुडवल्या आहेत.

घरात एक लॅपटॉप होता, तिच्या ऑनलाइन कॉलेजच्या वेळी घेतलेला. त्यावर पेटी आणि तिचा आवाज व्यवस्थित चढला असता. पण मी संगीताचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि पेटीमागे तानपुरा घातला. मग तबला. मग वाटलं, व्हायोलिनांचा एक ताफा पाहिजे. मग मंदिरात गायल्यासारखा घुमारा. पाचव्या-सहाव्या थराला लॅपटॉपने मान टाकली. आवाजात कढईत फुटाणे उडाल्यासारखं तडतड सुरू झालं. एखाद्या शहाण्या माणसाने व्हायोलिनं काढून टाकली असती. मी मनातून सुखावलो. अडचण माझ्या कुवतीची नव्हती, प्रोसेसरची होती.

मग मी अभ्यासाला लागलो. टोप्या घातलेली पोरं रंगीत दिव्यांपुढे बसून प्रोसेसरबद्दल बोलतात असे व्हिडिओ मी न्यू टाउनच्या बसमध्ये बघायचो. नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, त्यावरून तो प्रोसेसर दमदार की काटकसरी ते कळतं, हे मला समजलं त्या दिवशी मी डब्यातली पोळीही न खाता सहकाऱ्यांना ते समजावत होतो. पुढे कळलं की एकाच प्रोसेसरात काही कोर दमदार असतात आणि काही काटकसरी. आमच्या खात्यातही तसंच असल्याने हे चटकन डोक्यात शिरलं. सगळ्यात गहन गोष्ट पुढेच होती. कोर पुष्कळ असून भागत नाही. एका आवाजावर एकामागून एक जे संस्कार करायचे असतात ते सगळे बहुधा एकाच कोरला उरकावे लागतात. खात्यात चाळीस माणसं असली तरी एक फाइल एका वेळी एकाच टेबलावर असते, आणि त्या टेबलावरचा माणूस संथ असला की बाकीचे एकोणचाळीस चहा पितात. म्हणजे मला एकेकटा चपळ असा कोर हवा होता. हे मी बायकोला समजावून सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या गाण्यात आवाज किती आहेत?”

मी म्हणालो, मुद्दा तो नाही.

शनिवारी मी एस्प्लनेडला उतरून चांदनीच्या बाजारात जाऊ लागलो. तिथे कॉम्प्युटरच्या दुकानांची दाटी आहे. एका दुकानदाराने माझा पिच्छा सहन केला. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं की दादा, काम काय करता. खरं उत्तर होतं हिशेब. मी म्हणालो, म्यूझिक प्रोडक्शन. किती ट्रॅक चालतात? एक पेटी आणि एक मुलगी, हे सांगायला जीभ रेटेना. मी म्हणालो, चाळीस-पन्नास तर होतातच. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आदर उमटला की त्या आदराच्या भीतीने मी पुढे कधी खरं बोलू शकलो नाही.

चाळीस-पन्नास ट्रॅकवाल्यांसाठी त्याने जे यंत्र काढलं ते पाटावरवंट्याच्या वजनाचं होतं आणि त्याच्या कळांखाली दिवाळीचे दिवे लागत होते. काम पडताच त्याचा पंखा सुरू झाला. त्या आवाजात चटणी वाटली असती. रेकॉर्डिंगला तर शांतता लागते. मग त्याने बिनपंख्याचं, पातळ, देखणं यंत्र दाखवलं. ते अगदी मौनव्रती, पण तापलं की काम आवरतं घेतं म्हणे. ज्याच्यात दम आहे तो गप्प बसत नाही आणि जो गप्प बसतो त्याच्यात दम नाही, असा हा पेच होता, आणि आमच्या ऑफिसात तो इतक्या वर्षांत सुटलेला नाही. तेवढ्यात दुकानदार म्हणाला की दुर्गापूजेच्या सुमारास नवीन पिढीचे प्रोसेसर येणार आहेत, बघूया, मी चेष्टा करतो. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. नवीन आलेले मराठी लोक हा शब्द ऐकून हमखास दुखावतात. आमच्या महाराष्ट्र मंडळात अशा शब्दांबद्दल त्यांना सावध करायचं काम माझ्याकडे असतं. जाणकार म्हणून.

तर मी पूजेपर्यंत थांबायचं ठरवलं. थांबणं हा माझा पेशाच आहे.

मुलगी सुरुवातीला रोज विचारायची की बाबा, कधी बसायचं. मी तिला त्या दिवसापर्यंतची प्रगती सांगायचो. ती ऐकून घ्यायची. नंतर आठवड्याने विचारू लागली. एकदा म्हणाली की कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे लॅपटॉप आणि माइक आहे, तिच्याकडे जाऊ या का दोघं? मी हसलो. तिच्या मैत्रिणीचा प्रोसेसर मी न बघताच तीन पिढ्या जुना ठरवला. तीन पिढ्या म्हणजे पणजोबाच की, असा विनोदही केला. ती हसली नाही, आणि विनोद कळला नसेल म्हणून मी तो पुन्हा सांगितला.

श्रावण संपत आला होता तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार, मी दोन प्रोसेसरांची तुलना बघत होतो. ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला वाटला, पण मी चष्मा कपाळावर चढवलेला होता. ती म्हणाली, “बाबा, मला तुमच्यावर खूप अभिमान झालाय.”

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. आणि डोळ्यांत पाणी आलं की आमच्याकडचे पुरुष व्याकरणाचा आधार घेतात. मी म्हणालो, “तुमच्यावर नाही गं, तुमचा. आणि अभिमान होत नाही, वाटतो. म्हण बघू, मला तुमचा अभिमान वाटतो.”

ती “राहू दे” म्हणाली आणि गेली. लाजली, असं मला वाटलं.

पुढचे दिवस मी तरंगत होतो. बायकोला सांगितलं, तर तिने “अभिमान? कशाबद्दल?” असं विचारलं. तिच्या स्वभावातला हा कोरडेपणा मला जुनाच माहीत असल्याने मी मनावर घेतलं नाही. पुण्याला बहिणीला फोन करून सांगितलं. मंडळाच्या गणपतीत दोघातिघांना बाजूला घेऊन सांगितलं की बाप मेहनत घेतो ते मुलांना दिसतं हो, फक्त ती बोलून दाखवत नाहीत. आमची मात्र बोलली. मुलगी मोदक वाढत होती. मी लांबून तिच्याकडे हात केला. तिने ताट दुसऱ्या हातात घेतलं.

पूजेचे बांबू गल्लीत उभे राहू लागले तेव्हा मी ही बातमी खालच्या मजल्यावरच्या दादांना दिली. दादा म्हणजे निवृत्त गृहस्थ, खंदकाची आठवण करून देणाऱ्यांपैकी मुख्य. त्यांच्याकडे संध्याकाळचा चहा घेताना मी, आमच्या दोघांच्या सामायिक मोडक्या हिंदीत, हळूच विषय काढला. मेरी बेटी को मुझ पर बहुत अभिमान हुआ है.

दादांनी कप खाली ठेवला. चेहरा असा केला, जणू घरात कोणी आजारी असल्याचं मी सांगितलंय.

“कब से?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, झाला असेल महिना.

“एक महीना! आर आप क्या किया?”

मला प्रश्नच कळला नाही. यात करायचं काय असतं? मी सांगितलं की मी तिचं वाक्य दुरुस्त करून दिलं. मग दादांनी मला, बालवाडीतल्या मुलाला शिकवावं तसं, शिकवलं. बंगालीत अभिमान म्हणजे गर्व नव्हे. आपल्या माणसाने दुखावलं की मनात जे दाटतं, जे त्याने आपणहून ओळखावं आणि येऊन समजूत काढावी असं वाटतं, तो अभिमान. राग ट्रामच्या कंडक्टरवरही येतो. अभिमान फक्त स्वतःच्या माणसावर होतो.

“बेटी मुँह खोलके बोल दिया,” ते म्हणाले. “कोई बोलता नहीं है, ओ बोला. अभी भी अभिमान है तो अच्छा. जिस दिन नहीं रहेगा, उस दिन डरिए. अब उठिए, चाय रहने दीजिए.”

गाण्यांतून हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकत होतो. मला वाटायचं, बंगाली माणूस काय मानी आहे बघा, प्रेमातसुद्धा ताठा सोडत नाही. चेष्टा माहीत होता, आदर म्हणजे लाड हेही माहीत होतं. मंडळात त्यावर मी टाळ्या घेतल्या आहेत. आणि माझ्या घरात, माझ्या दारात उभं राहून, माझ्या मुलीने तिला येत असलेल्या मराठीत सांगितलं होतं की बाबा, तुम्ही मला दुखावलंय. मी तो अर्ज विहित नमुन्यात नाही म्हणून परत केला होता. मी जिना चढून वर गेलो.

ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. हैदराबादची बॅग उघडी होती. मी म्हणालो, तू त्या दिवशी जे म्हणालीस ते मला आत्ता कळलं. चल, आजच बसू, त्याच जुन्या लॅपटॉपवर, व्हायोलिनं काढून टाकतो.

ती नुसतं हसली. म्हणाली, “काही हरकत नाही, बाबा. तुम्हाला ऑफिसचं पण काम असतं. तुम्ही निवांत घ्या तुमचा लॅपटॉप.”

व्याकरणात कुठे चूक नव्हती. असं सफाईदार मराठी ती पुण्याच्या पाहुण्यांशी बोलते. मला दादांचं डरिए आठवलं आणि मी खरोखर घाबरलो. दादांच्या त्या अभिमानाला मराठीत रुसवा म्हणतात, पण मी तो शब्द लहान मुलांसाठी आणि जावयांसाठी राखून ठेवला होता. मोठी मुलगी रुसते हे माझ्या कोशात नव्हतं. आणि आता तर ती रुसलेलीही दिसत नव्हती. पुढचा आठवडा ती माझ्याशी फार चांगली वागली. चहा झाला का विचारायची. मला जेवण जाईना.

शेवटी पूजेच्या आधीच्या रविवारी सकाळी मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो की एकदा तरी गाऊन दाखव. ती म्हणाली, गाणं झालंय. त्या मैत्रिणीकडे जाऊन तिने ते कधीच रेकॉर्ड केलं होतं. ऐकणार का, असं तिने विचारलं, तेही पाहुण्याला विचारावं तसं. मी मान हलवली.

फोनवर लावलं. एक गिटार, तीही बेताची, मागे कुठे तरी पंख्याची घरघर आणि रस्त्यावर एक फेरीवाला. आणि तिचा आवाज. आमच्या बागबाजारच्या घाटावर भरती आली की गंगा उलटी वाहते, ते तिने लिहिलं होतं.

दिवसातून दोनदा नदी
उलटी घरी येते.

चाल माझीच होती. फक्त ‘घरी येते’ला मी सूर वर चढवला होता, टाळी मिळते म्हणून, तिने तिथे तो हळूच खाली आणला होता. माझ्या चालीत नदी घरावरून पुढे निघून जायची. हिच्या गाण्यात ती खरंच येत होती. गाणं संपलं. माझ्या मुलीने केलेली ही गोष्ट मला करता आली नसती, कुठल्याही यंत्रावर, हे मला तिला सांगायचं होतं. शब्द जुळवत होतो. आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं:

“कुठला प्रोसेसर आहे तिच्याकडे?”

क्षणभर तिचा विश्वासच बसला नाही. मग सगळं एकदम फुटलं. उशी आली, तिच्यामागून दुसरी आली. उन्हाळ्यापासूनचं सगळं ती बंगालीत बोलली, मला अर्धंच कळेल अशा वेगाने, रडत. त्यात पिढ्या होत्या, पणजोबा होते, मंडळात दाखवलेला हात होता. आणि शेवटी, बावीस वर्षांची, नोकरीचं पत्र हातात असलेली माझी मुलगी म्हणाली, “जाओ, आडी! तोमार शोंगे आडी!” आडी म्हणजे कट्टी. मला खोलीबाहेर ढकलून तिने दार आपटलं, आतून कडी घातली.

मी बाहेर उभा होतो. बायको स्वयंपाकघरातून आली, माझा चेहरा बघून म्हणाली की हसताय काय? मी हसतोय हे मला माहीत नव्हतं. इतका आनंद मला तिचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. पोरगी माझ्यावर रुसली होती. अजून माझ्यावर रुसत होती.

मी पेटी आणली, दाराशी जमिनीवर बसलो, गुडघे कुरकुरले. भाता हलवला आणि तिचं गाणं वाजवायला लागलो. आत रडणं थांबलं होतं, पण हालचाल नव्हती. ‘घरी येते’पाशी बोटं सवयीने वर गेली.

“तसं नाही, बाबा,” दाराआडून चोंदलेल्या नाकाने आवाज आला. “तिथे खाली या.”

मी ती ओळ पुन्हा घेतली. या वेळी सूर कुठे न्यायचा ते मला नीट ठाऊक होतं, आणि मी मुद्दाम चुकलो.